भुशाचं रेडकू

आमच्या घरात ‘भुलवणं’ हे दिवसातून दोनदा करायचं काम होतं. शेण काढायचं, पाणी दाखवायचं, म्हैस भुलवायची आणि मग चरवी घेऊन बसायचं. शहरात आल्यावर मला कळलं, की हे क्रियापद लोक देखण्या बायकांसाठी आणि जाहिरातींसाठी वापरतात. शब्दकोशात मोह पाडणे, फसवणे असे अर्थ दिलेले असतात. दोन्ही बरोबर आहेत, पण ते लिहिणाऱ्यानं कधी धार काढलेली नसावी.

माझं माहेर माकणीचं. धरणाच्या पाण्यात थोडं रान गेलं, थोडं राहिलं, आणि राहिलेल्याबरोबर दोन म्हशी राहिल्या. मी आठ वर्षांची असताना त्यातल्या थोरलीचं रेडकू आठवड्याच्या आत मेलं. रेडकू मेलं की म्हैस दूध चोरते. कासेला हात लावू देत नाही, लाथ झाडते, आणि बघता बघता आटून जाते. म्हणून मग त्या मेलेल्या रेडकाचं कातडं काढून घ्यायचं, वाळवायचं, आत भुसा भरून शिवायचं, काठ्यांचे पाय लावायचे आणि धारेच्या वेळी म्हशीपुढं आणून उभं करायचं. आई त्यावर मिठाचं पाणी शिंपडायची. म्हैस आधी हुंगायची, मग चाटायला लागायची, आणि चाटता चाटता पान्हवायची. आई कासेखाली बसलेली असायची. तिथूनच, मान वर न करता म्हणायची, “भुलली.”

ह्यात आईला काही वाईट वाटत नव्हतं आणि मलाही नव्हतं. घरात दूध हवं होतं. मला फक्त त्या रेडकाच्या डोळ्यांच्या जागची भोकं बघवत नसत, म्हणून आणताना मी त्याचं तोंड पलीकडं करून धरायचे. भुलवण्याचे आईचे नियम मात्र कडक होते. आधी वास द्यायचा, तोंड मागनं दाखवायचं. घाई करायची नाही. आणि एक गोष्ट ती मला दर खेपेला ऐकवायची, “भुलवायचं तर शेवटपतोर भुलवायचं. अर्ध्यात सोडलं तर जनावर पुन्ना कुणालाच धार देत न्हाय.”

धार झाली की ते रेडकू माळ्यावर टाकायचं काम माझं. एका संध्याकाळी मी खेळाच्या नादात ते गोठ्यातच ठेवलं. कुत्री आली. म्हशीच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते ओढलं, फाडलं, गोठाभर भुसा केला. मी पळत गेले तेव्हा म्हैस कुत्र्यांकडं बघत नव्हती, भुशाकडं बघत होती. नंतर आईनं दुसरं कातडं आणलं, सरकी दिली, गूळ दिला. म्हैस बधली नाही. शेवटी तिला बाजार दाखवला, आणि मला आईनं फुकणीनं बडवलं. मार लागला, अक्कल लागली नाही.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला सास्तूरला दिली होती, आमच्यापासून जवळच. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव ते. घरं एकसारखी, ओळीनं, त्यामुळं पहिल्यांदा जाणारा पाहुणा हमखास दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. आक्काला तिथं काविळीनं आठ दिवसांत नेलं. मागं नवरा, सासू आणि तीन वर्षांची पोर. मी तेव्हा लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेला दीड महिना उरला होता. आमच्या घराण्यातली पोरगी चुलीपासून इतकी लांब गेलेली मीच पहिली. त्या परीक्षेवर माझा सगळा जीव होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी साधीभोळी समजायला नको.

तेरावं झालं तरी पोर जेवेना, म्हणून आई आणि मी सास्तूरलाच थांबलो. रडतही नव्हती, ते जास्त वाईट होतं. घास पुढं केला की ओठ दाबून बसायची. आजीनं दामटलं, बापानं खेळणी आणली, शेजारणींनी मांडीवर घेतलं. दूध पाजलं तर गालात धरून ठेवायची आणि कोपऱ्यात जाऊन थुंकून यायची. मी तिचं मनगट धरलं तर ते माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावलं आणि वर जागा उरली. कॉलेजात शिकलेलं सगळं मला आठवत होतं आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

आईनं कपाटामागचं गाठोडं सोडलं. आक्काचे कपडे वाटून टाकले होते, पण एक साडी आईनं मागं ठेवली होती. वांगी रंगाची, रोजची, न धुतलेली.

“ही नेस,” आई म्हणाली. “आन हातात ह्या बांगड्या घाल.”

“आई, अगं तेरा दिवस झाल्यात तिला जाऊन.”

“पोर मरायलीय. नेस म्हणलं ना.”

मी नेसले. साडीला आक्काचा वास होता. पीठ, धूर, खोबरेल आणि आजारपणातला आंबूस घाम. मी भिंतीकडं तोंड करून रडले आणि डोळे त्या पदराला न पुसता बाहीला पुसले, कारण वास पुसला जाऊ नये एवढं मला कळत होतं.

आक्का पोरीला भरवताना ज्वारीची भाकरी गूळ-तुपात कुस्करून मलिदा करायची आणि मुठीत दाबून त्याचा मुटका वळायची. मुटक्यावर चार बोटांच्या खुणा उमटायच्या. पोर आधी त्या खुणांवरून बोट फिरवायची, मग खायची. आईनं मला उंबऱ्याशी पोरीच्या पाठीमागं बसवलं. कानात म्हणाली, “तोंड दावू नको. निस्ता हात फुडं कर.”

पहिल्या खेपेला पोरीनं बांगड्यांकडं बघितलं. दुसऱ्या खेपेला पदर ओढून नाकाला लावला. तिसऱ्या खेपेला खुणांवरून बोट फिरवलं आणि तोंड उघडलं. सबंध मुटका खाल्ला. इतकी भुकेली होती की गिळताना तिला उचक्या लागत होत्या. मग तिनं मागं वळून माझं तोंड बघितलं. ओठ थरथरला. मला वाटलं, संपलं. पण तिनं डोळे घट्ट मिटले आणि पदरात तोंड खुपसलं. तिला सगळं समजलं होतं, असं मला आजही वाटतं. समजून उमजून ती भुलली. म्हशीचंही तसंच असेल की काय, कोण जाणे.

आतून आईचा आवाज आला, “भुलली बाई एकदाची.” आवाज अगदी तोच, कासेखालचा.

मला त्या वेळी अभिमान वाटला. डॉक्टरला जमलं नसतं ते मी केलं होतं. रोज दोन्ही वेळा साडी नेसून मी उंबऱ्याशी बसायचे. पुढं पुढं दिवसभर नेसायला लागले, कारण साडी नसली की पोर जवळ यायची नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी तिनं मला ‘आई’ म्हणून हाक मारली. घरातल्या कुणीही तिला ‘मावशी म्हण’ असं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, ती हाक मला गोड लागली. हातातलं पुस्तक टाकून मी पळत जायचे. दाजी कामावरून आले की दारात थबकायचे, पाठमोरी मी दिसायचे म्हणून. त्यांची मला कीव यायची. त्यात आणखी काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिकलेली होते ना मी.

परीक्षेला आठवडा राहिला होता. मी दुपारी मोरीत पोरीचा फ्रॉक धूत होते. ओट्यावर आई आणि आक्काची सासू तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, मी वर पत्र्यावर वाळवण घालतेय.

“पोर वाचली हो,” सासू म्हणाली.

“पोरीचं काय, लेकरू पोटापायी भुलतंय. मला घोर हिचा हुता, ईनबाई.”

“मग, भुलली का ही?”

“भुलायलीय. आई म्हणून हाक आली की कशी पळती, बगा की. आता पोरीला टाकून जायची न्हाय ती.”

“परीक्षा हाय म्हणती ना?”

“परीक्षा काय, फुडल्या साली बी हुतीया. वैशाखात हळद लावून टाकू दोघास्नी.”

आणि सुपातली तूर पाखडल्याचा आवाज आला. आई कुणाच्या कासेखाली बसली होती ते मला तेव्हा कळलं. वांगी रंगाची साडी तिनं पोरीसाठी काढलीच नव्हती, किंवा काढली असेल तर अर्धीच पोरीसाठी. बाकीची माझ्यासाठी होती. आज तिची बाजू मला दिसते. नातीवर सावत्र आई येऊ नये, एवढ्यापायी तिनं धाकटीचा बळी द्यायचा ठरवला होता, आणि बळीच्या बकऱ्याला कुणी विचारून हळदकुंकू लावत नाही. बाजू दिसते, पटत मात्र आजही नाही.

मी आत गेले. पोर चटईवर बसून बांगडीच्या तुकड्यांशी खेळत होती. घरात दुसरी खोली होती. दार लावता आलं असतं, तिला बाहेर पाठवता आलं असतं. मी तसं केलं नाही. मी तिच्यासमोर साडी सोडली, बांगड्या उतरवल्या आणि माझा पंजाबी ड्रेस चढवला. राग आईचा होता. पण आईला लागेल अशी एकच जागा त्या घरात होती आणि ती चटईवर बसलेली होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. चूक झाली, भान राहिलं नाही, असलं मी काही म्हणणार नाही. भान शाबूत होतं.

पोरीनं आधी जमिनीवरच्या साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी आठ वर्षांची असताना गोठ्यात बघितली होती. ती रडली नाही. साडीचं एक टोक तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

“आई, नेस,” ती म्हणाली.

मी तिच्या हातातून टोक ओढून घेतलं. साडीची घडी घातली आणि पिशवीत कोंबली. ती मागं ठेवली तर उद्या आई दुसऱ्या कुणाला तरी नेसवील, म्हणून. पोरीला हुंगायला मी चिंधीसुद्धा ठेवली नाही. वर म्हणाले, “आलेच हं. बिस्कीट घेऊन येते.”

आईनं दारात माझा दंड धरला. “पोरीचं तोंड बग तरी.”

“भुशाचं रेडकू किती दिस टिकतंय, आई?”

आईनं दंड सोडला नाही. पण तिनं मला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. हळूच म्हणाली, “अर्ध्यात सोडू नको गं. मग ती कुणाचीच हुत न्हाय.” मी दंड सोडवून घेतला आणि एसटी धरली. खिडकीतून बघितलं तेव्हा पोर ओट्यावर उभी होती, हात खाली सोडून. परीक्षेत मी पहिल्या वर्गात पास झाले.

पुढचं मला आईच्या फोनवरून कळत गेलं. आई सांगायची ते एका सुरात, बातम्या दिल्यासारखं. “येश्टी वाजली की पळती. बिस्कीट म्हणती.” मग “दवाखान्यात न्हेली, सलाईन लावली.” मग “खायला लागली.” मी विचारलं, कुणाच्या हातनं? “कुणाच्याच न्हाय. ताट घेऊन भितीकडं तोंड करती आन एकली खाती.” दाजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. बाई चांगली निघाली, हे माझं नशीब म्हणायचं की दुर्दैव, मला ठरवता येत नाही. वाईट निघाली असती तर दोष तिच्या माथी मारता आला असता. त्या बाईनं बारा वर्षं जिवापाड केलं. पोरीनं तिला उलट उत्तर दिलं नाही की कधी तिच्या हातचा घास घेतला नाही. वाढलेलं ताट उचलायचं आणि भिंतीकडं वळायचं.

मी आता धाराशिवात एका दवाखान्यात नर्स आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देतात ती रोज बघते. ती बरी, ती उतरते. लग्न झालं, नवरा शिक्षक आहे, माझ्या वाटेला जात नाही. मूल मी होऊ दिलं नाही. सासूनं, शेजारणींनी, खुद्द नवऱ्यानं कारण विचारून बघितलं आणि सोडून दिलं. साडी मात्र मी ठेवली. एकदाही धुतली नाही.

गेल्या जूनमध्ये दाजींचा फोन आला. पोर दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, अकरावीला धाराशिवात नाव घातलं होतं, आणि होस्टेलची खोली मिळायला चार दिवस होते. “तवर तुमच्याकडं ठिवू का?” त्यांनी भीत भीत विचारलं. मी इतक्या घाईनं हो म्हणाले की त्यांनाही चमत्कारिक वाटलं असणार. नवी गादी आणली, चादर आणली, टेबल लॅम्प आणला. मनात म्हटलं, चार दिवसांत रुळली तर होस्टेल कशाला हवं. म्हणजे बघा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी पुन्हा मीठ शिंपडायला बसले होते.

ती आली. उंच, सावळी, आक्काचंच कपाळ. वाकून पाया पडली आणि म्हणाली, “तुम्ही कशा आहात?” आमच्याकडं मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही. मावशीला अगंच म्हणतात. ती चार दिवस मला अहो म्हणत राहिली, भांडी घासत राहिली, आणि भिंतीकडं तोंड करून जेवत राहिली. तिसऱ्या दिवशी मी मलिदा केला आणि मुटका वळून तिच्या ताटात ठेवला. तिनं त्याच्यावरच्या चार खुणांकडं बराच वेळ बघितलं. मग ताटाच्या कडेला सरकवून ठेवला आणि बाकीचं जेवली.

चौथ्या दिवशी सकाळी, तिची बॅग भरून झाल्यावर, मी कपाटातून साडी काढली. म्हणाले, “ही तुझ्या आईची. तिची एवढीच उरलीय. मी जपून ठेवली तुझ्यासाठी.”

शेवटचा शब्द खोटा होता. तिनं साडी हातात घेतली, नाकाला लावली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

“घरी आईचा फोटो हाय,” ती शांतपणे म्हणाली. “सगळे म्हणत्यात, ही तुझी आई, काविळीनं गेली. पर फोटोतल्या बाईचं मला कायबी आठवत न्हाय. मला आई म्हणून एकच आठवतंय. माज्याफुडं ही साडी सोडली, घडी घातली, पिशवीत कोंबली आन गेली. मला लई वर्सं वाटायचं, हे लोक खोटं बोलायलेत. आई मेली न्हाय. आई बिस्कीट आणायला गेलीय.”

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो झिडकारला नाही. फक्त बॅगेचा पट्टा त्या हातात घेतला, म्हणजे मला धरायला जागा उरली नाही.

होस्टेलच्या फाटकाशी मी म्हणाले, “रविवारी येते हं डबा घेऊन.”

“या,” ती म्हणाली. “फक्त ‘आलेच’ म्हणू नका.”

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. ड्यूटी असली तर बदलून घेते. आत सोडत नाहीत, डबा फाटकावरच्या बाईकडं द्यावा लागतो, आणि गेल्या रविवारचा डबा घासून-पुसून परत मिळतो. डबा रिकामा येतो ह्यावर मी चार महिने जगत होते. दिवाळीच्या आधी त्या फाटकावरच्या बाईनं मला कौतुकानं सांगितलं, “ताई, तुमचे ते मुटके लई झ्याक असत्यात. सगळ्या पोरी तुटून पडत्यात.”

“आणि ती?” मी विचारलं.

“ती वाटती की सगळ्यांस्नी. हातानं वाटती एकेक. सोता न्हाय खात.”

मी हसून बरं म्हणाले आणि रिकामा डबा पिशवीत टाकला. घरी येऊन आईला फोन केला. आई आता थकली आहे, गोठा कधीच मोडला, पिशवीचं दूध येतं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्या बोलले हुते तुला.” बोलली होतीच.

काल शनिवार होता. मी ज्वारीच्या चार भाकरी जास्त थापल्या, गूळ किसला, तूप कढवलं आणि दहा मुटके वळले. पोरी वाढल्या आहेत म्हणे खोलीत. प्रत्येक मुटका मुठीत नीट दाबून, चार बोटांच्या खुणा उमटल्यात का ते बघून मगच मी तो डब्यात ठेवला.